लिफ्टसमोरचं बाकडं

गोगल,

विभागाच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं आपल्या जागी आलेल्या नव्या बाईंनी फोन करून सांगितलं. सदराचं नाव 'आठवणीतील सहकारी'. मी बसले आणि 'त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या' एवढं लिहून कागद चुरगाळला. तू मनमिळाऊ नव्हतीस. हट्टी होतीस, कायम उशिरा यायचीस, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत स्वतःचं उत्तर विसरायचीस आणि चहात बुडालेलं बिस्कीट चमच्याने शोधत बसायचीस. हे सगळं 'त्या त्या' करत लिहायला मला जमणार नाही. म्हणून तुलाच लिहिते. बाकीच्यांना वाचायचं असेल तर वाचू देत. त्यांच्यासाठी तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील, तेव्हा मध्येच 'हे मला काय सांगतेस' करू नकोस.

आपण दोघी नकली डोळे बनवायचो. डोळ्यांच्या इस्पितळाचा तळमजला, लिफ्टशेजारची खोली, उत्तरेला एक मोठी खिडकी. ज्यांचा डोळा अपघातात किंवा आजारात गेला ती माणसं आपल्याकडे यायची. रिकाम्या खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा डोळा करून बसवून बघायचा, त्यावरून साचा काढायचा, पांढरं प्लास्टिक शिजवायचं आणि शेवटी घासून घासून चकचकीत करायचं, हे माझं काम. बुबुळ तुझं. करंगळीच्या नखाएवढी काळी चकती समोर घेऊन तू बसायचीस आणि समोरच्या माणसाच्या शाबूत डोळ्यात बघत रंगाचे थर चढवायचीस. एक थर वाळला की दुसरा. मग पांढऱ्यावर लाल रेशमाच्या धाग्याचे तंतू सोडवून शिरा बसवायचीस. 'डोळा ताजा दिसता कामा नये,' असं तू प्रत्येकाला सांगायचीस. 'ताजा डोळा मेलेल्या माशाचा असतो. माणसाचा डोळा थोडा जागलेला पाहिजे.'

तू चित्रकला शिकून इस्पितळात आलीस ती भिंतीवर लावायच्या रोगांच्या तक्त्यांची चित्रं काढायला, आणि तीही तात्पुरती. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, म्हणजे माझ्या मते तुझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर. पहिल्या आठवड्यातच मी वैतागले. माझा साचा तयार, प्लास्टिक तयार, आणि बाईसाहेब अजून पेशंटशी गप्पा मारताहेत. पहिल्या दिवशी तू ब्रश हातातच घेत नसायचीस. नुसतं समोर बसवून बघत राहायचीस. मी त्याच आठवड्यात तुला गोगलगाय म्हटलं. पुढे त्याचं गोगल झालं आणि ते थेट वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं. तू मला घाई म्हणायला लागलीस. 'काय गं घाई, गॅस बंद केलास का?' असं तू भर ओपीडीत विचारायचीस, आणि पेशंटना वाटायचं हे माझं आडनाव आहे.

तुझ्यासमोर बसलेली माणसं बोलायची. तासन् तास कोणीतरी आपल्या डोळ्यात बघतंय म्हटल्यावर माणूस काय करणार? नोकरी, सासू, कोर्टकज्जे, सगळं बाहेर यायचं. तो बस कंडक्टर आठवतो? डोळा बसवून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. बायकोच्या लक्षातच आलं नाही म्हणाला. मी म्हटलं, मग तक्रार काय आहे, यासाठीच तर एवढा खटाटोप केला. तो म्हणाला, 'अहो बाई, डोळा गेला होता तेव्हाही लक्षात आलं नव्हतं.' तू हसून हसून ब्रश खाली ठेवलास, आणि तेव्हा समोर बसलेल्या पेशंटचं काम आणखी एक दिवस लांबलं.

आता बाकड्याचं सांगते. ती तुझीच कल्पना. आपल्या खोलीच्या दाराबाहेर, लिफ्टसमोर, एक लाकडी बाकडं आहे. डोळा पूर्ण झाला की तो बसवून पेशंटने त्या बाकड्यावर जाऊन बसायचं. आपण दोघींनी खोलीत दार लावून थांबायचं, कारण आपल्या तोंडावरून उत्तर कळतं. समोर स्टुलावर लिफ्टवाले काका. त्यांनी लिफ्ट वर-खाली करता करता त्या माणसाकडे बघायचं, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, आणि मग दारावर टकटक करून नकली डोळा कोणता ते सांगायचं. काका 'डावा' किंवा 'उजवा' म्हणाले की डोळा परत टेबलावर. काका 'कळत नाही' म्हणाले की डोळा पास. पास झाल्याशिवाय डोळा घालून इस्पितळाच्या बाहेर जायचं नाही, मग पेशंट कितीही रडो. एकदा एका मोठ्या साहेबांच्या मेव्हण्यालाही तू काळी पट्टी बांधून घरी पाठवलंस, कारण काकांनी लिफ्टचं दार बंद करता करताच 'उजवा' म्हणून टाकलं होतं. मला ही सगळी नाटकं वाटायची. पण काका 'कळत नाही' म्हणायचे तेव्हा, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

अशी वर्षं गेली. वय झालं तरी आपल्याला ठेवून घेतलं, कारण हे काम करायला दुसरं कोणी मिळेना.

मग एके दिवशी तू म्हणालीस की खोलीतली ट्यूब नीट लागत नाही, कोपऱ्यात सावली हलते. मी ट्यूब बदलून घेतली. पुन्हा तेच म्हणालीस, मी पुन्हा बदलून घेतली. तिसऱ्या वेळी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं नाही, तुलाच हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यात बघणारी बाई, स्वतःचा डोळा कधी तपासून घेतला नव्हतास.

उजव्या डोळ्यात आत गाठ होती. डॉक्टर आपल्या ओळखीचे, त्यामुळे त्यांनी गोल गोल बोलणं केलं नाही. डोळा काढावा लागेल म्हणाले, आणि लवकर. ही गाठ डोळ्यात राहते तोवर ठीक, पण तिथून निघाली की सहसा यकृतात जाते आणि मग फारसं काही करता येत नाही. 'लवकर' म्हणजे किती, असं तू विचारलंस. या महिन्यात करून टाकू, ते म्हणाले. मी तिथेच तारीख मागत होते. तू उठलीस, त्यांचे आभार मानलेस आणि खाली येऊन कपाटातून नवी काळी चकती काढलीस.

'हे काय चाललंय?' मी विचारलं.

'रंगवते.'

'कोणाचा?'

'माझा. एकदा काढल्यावर कशाकडे बघून रंगवू?'

'डाव्याकडे बघून. सगळ्यांचे तसेच रंगवतेस ना?'

तू माझ्याकडे इतकं कीव आल्यासारखं बघितलंस की माझा हात शिवशिवला. 'इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून हे शिकलीस? दोन डोळे सारखे नसतात, घाई. बाकीच्यांचा गेलेला मला बघायला मिळत नाही म्हणून मी डाव्यावरून उजवा करते. इथे मूळ समोर आहे. ते सोडून नकलेची नक्कल करू?'

तुझं म्हणणं खोटं नव्हतं. तुझ्या उजव्या बुबुळात बाहेरच्या बाजूला, खाली, मधाच्या रंगाचा एक ठिपका होता आणि वरच्या कडेला एक फिकट फट. डाव्यात यातलं काहीच नव्हतं. पण एका ठिपक्यासाठी माणूस ऑपरेशन पुढे ढकलतो का? मी बोलले. रोज बोलले. तुझ्या धाकट्या बहिणीला, जिच्याबरोबर तू राहायचीस, तिला फोन करून बोलले. ती म्हणाली, 'ताई माझं कधी ऐकते का? तुमचंच ऐकते थोडंफार.' हे मला नवीनच होतं.

तू पेशंट थांबवले नाहीस. सकाळी लोकांचे डोळे, दुपारी स्वतःचा. टेबलावर मोठं दाखवणारा आरसा ठेवायचीस आणि गळ्यातल्या दोन चष्म्यांपैकी एक वर, एक खाली करत बसायचीस. थर चढवायचा, वाळू द्यायचा, बघायचं, खरवडायचं. मी पॉलिशचं चाक मुद्दाम जोरात चालवायचे. महिना संपत आला. डॉक्टर जिन्यात भेटले की माझ्याकडेच बघायचे, जणू मीच तुला कुलूप लावून ठेवलंय.

एका दुपारी तू म्हणालीस, झालं. चकती चिमट्यात धरून माझ्या हातात दिलीस, खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि म्हणालीस, बघ. हाही आपला नियमच होता. रंगवणारीने स्वतःच्या कामाला चांगलं म्हणायचं नाही, दुसरीने बघून सांगायचं, आणि जे दिसेल तेच सांगायचं. मी चकती तुझ्या डोळ्याशेजारी धरली. रंग असा जमला होता की मी चकती दूर नेऊन पुन्हा जवळ आणली. आणि मग मला दिसलं. तुझा ठिपका कानाच्या बाजूला होता. चकतीवरचा नाकाच्या बाजूला.

'उलटा झालाय,' मी म्हटलं.

'काय उलटा झालाय?'

'आरशात बघून काढलास. सगळा उलटा उतरलाय.'

आधी तुझा विश्वास बसेना. मग तू चकती हातात घेतलीस, आरशात बघितलंस, चकतीकडे बघितलंस, आणि हसायला लागलीस. जन्मभर समोरासमोर बसवून लोकांचे डोळे काढले, आणि स्वतःच्या वेळी एखाद्या नवशिक्या पोरीसारखी फसलीस. मीही हसले. चकती फिरवून बसवू म्हटलं. फिरवली, तर ठिपका जागेवर यायचा पण वरची फट घसरून नाकाकडे जायची. मग मी म्हटलं की असू दे, हाच घालू, ते कोणाला कळणार आहे? काकांनासुद्धा कळणार नाही.

'तुला कळलं ना,' तू म्हणालीस आणि दुसरी चकती काढलीस.

तेव्हा मात्र माझं हसू संपलं. दोन आरसे काटकोनात लावले की उलट्याचं सुलट दिसतं, हे मीच तुला शाळेतल्या भौतिकशास्त्रातून सांगितलं आणि दुसरा आरसाही मीच आणून दिला. पण त्याच दिवशी मी वर गेले आणि डॉक्टरांकडून तारीख घेऊन आले. पुढच्या आठवड्यातली. तुझ्या बहिणीला कळवलं, भरतीचं सगळं केलं आणि मग तुला सांगितलं.

'माझ्या डोळ्याची तारीख तू ठरवणार?' तू ब्रश न थांबवता विचारलंस.

'हो. तुझ्यावर सोपवलं तर ती तारीख उगवायची नाही.'

'मग हा अर्धा राहील.'

'राहू दे.'

तू माझ्याशी बोलणं टाकलंस. माझ्या हातचा चहा घेतलास, बिस्कीट बुडवलंस, शोधलंस, पण बोलली नाहीस. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत दोन आरशांसमोर बसून राहिलीस. बुबुळाचा खालचा अर्धा भाग झाला होता, ठिपक्यासकट. वरचा अर्धा काळाच होता. त्या दिवशी निघताना चकती डबीत ठेवलीस आणि डबी माझ्या टेबलावर सरकवलीस. तेवढंच.

ऑपरेशन झालं. तू चार दिवसांत घरी गेलीस आणि मी मनात म्हटलं, सुटलो. डॉक्टरांनी गाठ पूर्ण निघाली म्हणून सांगितलं होतं. उशीर झाला का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले की सांगता येत नाही, आधीच कुठे गेली असेल तर ती महिन्यापूर्वीही गेली असेल. डॉक्टरांची असली उत्तरं मला मुळीच सहन होत नाहीत. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

तू कामावर आलीस ती काळा चष्मा लावून. दारातच म्हणालीस, 'आता खरी गोगल झाले,' आणि बोलणं सुरू झालं. म्हणजे भांडण मिटलं, असं मी धरलं. पण टेबलाशी बसून तू चहा ओतायला घेतलास आणि चहा कपाच्या अलीकडे, टेबलावर पडला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. हे आपण प्रत्येक पेशंटला समजावून सांगायचो, कपाच्या कडेला किटलीचं तोंड टेकवा आणि मग ओता. तू सांडलेला चहा फडक्याने पुसलास. मग ब्रश घेतलास आणि कागदावर टेकवायला गेलीस. तो कागदाच्या वर, हवेतच थांबला.

पेशंटांचे डोळे रंगवणं तुझं त्या दिवशी संपलं. वरून सांगायच्या आधी तूच जाऊन सांगून आलीस. स्वतःचा तेवढा पुरा करायचा, म्हणालीस. आणि मला म्हणालीस की लॅबमध्ये माझा डोळा बरणीत ठेवलेला असेल, तो आण, बघून करते. मी गेले. गोगल, तो मी बघितला. तपासणीसाठी मधोमध कापला होता आणि बुबुळाचा रंग उडून राखेसारखा झाला होता. मी तिथल्या मुलीला धन्यवाद म्हणून परत आले.

'दिला नाही का?'

'आणण्यासारखा राहिला नाही.'

तू मान हलवलीस. माझ्या टेबलावरची डबी उघडून अर्धी चकती पुढ्यात घेतलीस. मग म्हणालीस, 'तू सांग.'

'काय सांगू?'

'वरचा अर्धा. तू इतकी वर्षं समोर बसलीस. सांग कसा होता.'

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी कधी कोणाकडे धड बघते का? पण तू ब्रश धरून बसलीस आणि मी माझी खुर्ची ओढली. आणि सांगायला लागले तर सांगताच आलं. कड वर जाड, जवळजवळ काळी. तिच्या आत गढूळ हिरवट, नुसता तपकिरी नाही. फट अगदी मध्ये नाही, जरा कानाकडे कललेली. बाहुलीजवळ पिवळसर, पण पावभरच, जास्त नको. 'पावभर म्हणजे काय गं, भाजी आहे का?' तू म्हणालीस. तुझं मनगट मी माझ्या हातात धरायचे आणि ब्रश चकतीवर टेकला की दाबून सांगायचे, टेकला. पहिले काही दिवस खरवडण्यातच गेले. आपण रोज दुपारी तेच करायचो. मी आयुष्यात इतकी हळू कधी वागले नव्हते. तू एकदाही घाई म्हणाली नाहीस त्या दिवसांत. चकती झाली तेव्हा ती आधीच्या, त्या उलट्या चकतीइतकी सफाईदार नव्हती. वरच्या भागात हात थरथरलेला दिसत होता. पण तुझा डोळा होता तो.

मग माझं काम. खोबणीचं माप घेताना तू, सगळ्या पेशंटना धीर देणारी, माझा दंड इतका आवळलास की वळ उठला. मेण बसवलं, साचा काढला, डाव्याच्या पांढऱ्याशी पांढरं जुळवलं, शिरांचे धागे तू सांगितलेस तिथे बसवले. चाकावर डोळा घासताना मी चाक हळू चालवलं. झाला. आता फक्त बाकडं राहिलं.

कोणता डोळा काढला ते काकांना आपण मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यासाठी नवा चष्मा करून घेतला. 'बाईंच्या वेळी चूक नको,' म्हणाले.

आणि तू टाळायला लागलीस. आज सूज आहे. आज झोप झाली नाही. आज काकांचं लक्ष नाही. मला राग यायचा. डोळा तयार असताना तू काळा चष्मा लावून घरी जायचीस, कारण पास न झालेला डोळा घालून बाहेर जायचं नाही. अगं, नियम तूच केलास, तूच मोड, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस की दुसऱ्यांना पट्टी बांधून घरी पाठवलं, मग मला का सूट? मला वाटायचं, तू घाबरतेस. वरच्या भागातली ती थरथर काकांना दिसेल आणि ते 'उजवा' म्हणतील, आणि तुला आता तिसरा करता येणार नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. तू म्हणालीस, 'बरं. सोमवारी बसते.'

सोमवारी तू आलीस, चष्मा काढलास, मी डोळा बसवून दिला आणि खिडकीशी उभी करून शेवटचं बघायला घेतलं. उजवा छान बसला होता. हलत होता, पापणी नीट पडत होती. पण दोन्हीकडे एकदम बघितलं की काहीतरी चुकत होतं. मला आधी वाटलं, पांढऱ्याचा रंग माझ्याकडून चुकला. नमुन्याच्या पट्ट्या काढून मी तुझ्या डोळ्याशेजारी धरल्या. उजव्याचा पांढरा बरोबर तोच होता, जो मी जुळवला होता. बदलला होता तो डावा. तो पिवळा झाला होता.

दुसऱ्या कोणाला अजून दिसलं नसतं. पण आपलं कामच ते. पट्टी माझ्या हातात होती आणि तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मघाशी लिहिलं ना, आपल्या तोंडावरून उत्तर कळतं.

'कोणता?' तू विचारलंस.

'डावा.'

तू आरसा मागितलास. एकच आरसा, साधा. बघितलंस आणि म्हणालीस, 'नकली ठणठणीत आहे की.' मग स्टुलावर बसून डोळा काढून माझ्या तळहातावर ठेवलास. कोमट होता.

यकृतात गेली होती गाठ. त्यापुढचं तुझ्या बहिणीने बघितलं आणि मी, जमेल तसं. तुझा स्वभाव वॉर्डातही गेला नाही. नर्सने हात पुढे करा म्हटलं की तू आधी तिच्या डोळ्यात बघायचीस आणि तिच्या बुबुळाचं काहीतरी सांगायचीस. एका दुपारी मला म्हणालीस की डोळा पुन्हा नव्याने कर, पांढरा काढून पिवळा बसव, डाव्यासारखा, म्हणजे काकांना कळणार नाही. सगळा हिशेब मांडून ठेवला होतास, कोणता रंग किती मिसळायचा. मी तुला नाही म्हटलं. मी आजाराला जुळता डोळा बनवणार नव्हते. म्हटलं, कावीळ उतरली की तुला घेऊन जाते, याच डोळ्याने बाकड्यावर बसायचं. तू म्हणालीस, 'कबूल. पण लिफ्टच्या गर्दीच्या वेळी नको. काकांना नीट बघू दे.' पुढच्या वेळी आले तर तू मला ओळखलंस, पण नावाने हाक मारायला वेळ लागला. त्याच्या पुढच्या वेळी तू झोपलेली होतीस.

तू गेलीस त्या सकाळी तुझ्या बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, लोक बघायला येतील, डोळ्यावरची ती पट्टी बरी दिसत नाही, ताईचा डोळा तुमच्याकडे आहे ना, तेवढा येऊन बसवून द्याल का? मी डबी घेऊन निघाले. खोलीत सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. तुझी पट्टी काढली, डबी उघडली. तुझा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता आणि डबीतला डोळा स्वच्छ पांढरा, थोडा जागलेला, ठिपका कानाकडे. तो मी बसवला असता तर दारातून येणारं पोरसुद्धा 'उजवा' म्हणालं असतं.

मी डबी बंद केली आणि पट्टी पुन्हा नीट बांधली. बहिणीने विचारलं, बसत नाहीये का? मी म्हटलं, बसतो, पण पास झालेला नाही. तिला ते क्रूर वाटलं. अजूनही ती माझ्याशी तुटक बोलते. तुला विचारलं असतं तर तूही हेच म्हणाली असतीस, असं मी तिला सांगितलं नाही. सांगून समजावण्याइतका धीर माझ्यात नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्यानंतर मीही काम सोडलं, खोलीत आता नव्या बाई आहेत. त्या बुबुळाचा फोटो काढून तो छापतात. दोन दिवसांत डोळा हातात. बाकड्यावर कोणी बसत नाही, म्हणजे बसतात, पण ते लिफ्टची वाट बघणारे. मागच्या महिन्यात माझी हत्यारं आणायला गेले तर काका स्टुलावरच होते. त्यांनी लिफ्ट धरून ठेवली, आत माणसं ताटकळत असताना, आणि विचारलं, 'बाईंचा डोळा आणणार होतात ना? एकदा बघू तरी द्या.' मी पर्समधून डबी काढली नाही. कोणाला घालून दाखवू? म्हटलं, एकटा डोळा बघून काय कळणार, काका? ते म्हणाले, तेही खरंच, आणि लिफ्ट वर गेली.

अंकात दोन पानं मागितली होती, ती कधीच संपली. तेव्हा एवढंच. डबी माझ्याकडे आहे. मी डोळा धुते, पुसते, कधीतरी चाकावर धरून पॉलिशही करते, तो मळलेला नसतानाही. काकांचा नवा चष्मा तयार आहे. तू यायचं, गर्दी नसताना, बाकड्यावर बसायचं, चष्मा काढायचा, काकांशी दोन शब्द बोलायचे. मी आत जाऊन दार लावून घेणार होते आणि टकटक होईपर्यंत मुकाट्याने थांबणार होते. ते तेवढं आपलं राहिलं.

— घाई